बदलापूरपर्यंतची गाडी

अंबरनाथ (पूर्व),
१८ जानेवारी १९८७

प्रिय मधू,

तुला पत्र लिहून वर्ष उलटलं असेल. या वर्षी घरात तिळगूळ झालाच नाही, त्यामुळे पाठवला नाही. मी माणसांना कामापुरतं आठवतो असं तुझी आई म्हणायची. मावशीचं खरं होतं. आजही कामासाठीच लिहितोय.

हिरवी बाहेर काढली आहे. तुला आठवत असेल, रंगाच्या कारखान्यातला गोरा केमिस्ट मायदेशी निघाला तेव्हा त्याच्याकडून घेतलेली १९५३ सालची, दोन दारांची, कापडी टपाची. मी निवृत्त झाल्यापासून ती शेडमध्ये नुसती उभी होती. आता निमित्त झालं कुंदाचं. दिवाळीपासून तिची पाठ धरली आहे. घरात हिंडते-फिरते, पण रिक्षात बसली की दोन खड्ड्यांत घायकुतीला येते, आणि आगगाडीच्या पायऱ्या चढणं तिला शक्य नाही. तिला बदलापूरला आईला, माईंना, भेटायचंय. माई सत्त्याऐंशीच्या झाल्या, खाटेवरून उठत नाहीत, तेव्हा त्यांनी इकडे येण्याचा प्रश्नच नाही. मधलं अंतर सगळं सात-आठ किलोमीटर. मी म्हटलं, घरची गाडी असताना रिक्षा कशाला? टप उघडला की चढताना वाकावं लागत नाही, आणि पुढची सीट मागे पाडली तर रेलून बसता येतं. पाठ दुखणाऱ्या माणसाला याहून सोयीची गाडी नाही.

इंजिन कुरकुर न करता सुरू झालं. ब्रेकही नवे करून घेतले. पण गाडी थरथरते. पस्तीसच्या पुढे काटा गेला की स्टिअरिंग हातात कापायला लागतं, डॅशबोर्ड नाचतो, पुढच्या काचेची चौकट एकीकडे हलते आणि दारं दुसरीकडे. मोरिवलीच्या वळणावर चाक खड्ड्यात गेलं तर डावं दार आपसूक उघडलं. शेजारी कोणी नव्हतं म्हणून ठीक.

जन्मभर कारखान्यातले पंप आणि मोटारी सांभाळल्यामुळे कंप मला नवा नाही. पण माझी यंत्रं जमिनीला बोल्टनं आवळलेली असायची. तू जबलपूरला आयुष्यभर गाड्याच बांधल्यास. सुरुवात कुठून करायची ते लिही. घाई नाही, पण उन्हाळ्याआधी झालं तर बरं. उघड्या गाडीत तिला ऊन लागेल.

कुंदा बरी आहे. तुम्हां सगळ्यांना आशीर्वाद सांगते.

तुझा,
श्यामदादा


जबलपूर,
२८ जानेवारी १९८७

ती. श्यामदादास, मधूचा नमस्कार.

पत्रात वहिनींच्या तब्येतीच्या दोन ओळी आणि बाकी सगळी गाडी. तू बदलला नाहीस. पण "पाठ धरली आहे" म्हणजे नक्की काय? एक्स-रे काढला का? ते नीट लिही.

आता गाडीचं. कंप शोधायचा म्हणजे आधी त्याला एकटं पाडायचं. मोकळ्या रस्त्यावर गाडी चाळीसला ने, गिअर काढून टाक आणि नुसती धावू दे. इंजिन मंद झालं तरी थरथर तशीच राहिली, तर इंजिनाचा दोष नाही. मग पुढचं एकेक चाक उचलून हातानं फिरव आणि कडेला खडू स्थिर धर. खडू एकाच जागी घासला तर चाक वाकडं आहे. इतकी वर्षं उभी होती म्हणतोस, म्हणजे टायरही एका अंगाला बसले असणार. ते बदल.

मला खरी काळजी वाटते ती दाराची. बंद गाडी म्हणजे झाकण लावलेला पुठ्ठ्याचा खोका. झाकण काढ आणि तोच खोका दोन्ही हातांनी पिळून बघ, काय होतं ते. उघड्या गाडीला छत नाही, म्हणून सगळा भार तिच्या तळावर आणि दोन्ही दारांखालून लांबवर जाणाऱ्या पोकळ तुळयांवर असतो. त्या आतून गंजल्या की गाडी मधोमध लवते, दाराची चौकट तिरपी होते, आणि दार खिट्टीत धरत नाही. मग चाकाचा एवढासा कंपही सगळ्या अंगात पसरतो.

म्हणून गाडी सपाट जागी उभी कर. दाराच्या मागच्या कडेची फट वर किती आणि खाली किती ते बघ. मग मधोमध तुळईखाली लाकडी ओंडका ठेवून जॅकनं थोडं उचल आणि पुन्हा बघ. फट बदलली तर दुखणं बॉडीत आहे. आणि स्क्रूड्रायव्हरनं तुळई खालून टोच. हलक्या हातानं नको, चांगला जोर लावून टोच. रंगावर विश्वास ठेवू नकोस.

वहिनींना नमस्कार. एक्स-रेचं विसरू नकोस.

मधू


अंबरनाथ (पूर्व),
२२ फेब्रुवारी १९८७

प्रिय मधू,

तू सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. इंजिन निर्दोष. पुढचं उजवं चाक वाकडं निघालं. उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात टेकचंद म्हणून गॅरेजवाला आहे, त्याच्याकडून चाक सरळ करून घेतलं, टायर बदलले, स्टिअरिंगचे जीर्ण सांधे नवे घातले. थरथर निम्म्यानं कमी झाली. आता पंचेचाळीसपर्यंत काही कळत नाही. खड्डा आला की मात्र तेच. काच हलते आणि दार कुरकुरतं.

फटीचं सांगतो. सपाट जागी उभी असताना डाव्या दाराच्या फटीत वरच्या बाजूला पोस्टकार्डही शिरत नाही, खाली करंगळी जाते. मधोमध जॅक लावून उचललं की वरची फट उघडते आणि दार बोटाच्या धक्क्यानं बंद होतं. जॅक काढला की पुन्हा पहिले पाढे. माझ्या मते बिजागऱ्या झिजल्या आहेत. दाराच्या वजनानं त्या खाली येतात. टेकचंदकडून नव्या पिना करून घ्यायला टाकल्या आहेत. तुळया मी खालून धुऊन पाहिल्या, काळा रंग जिथल्या तिथे आहे, म्हणून टोचल्या नाहीत. चांगलं ते उगाच कशाला उकरायचं.

हल्ली सकाळी चहा झाला की शेडमध्ये जातो तो दिवेलागणीला बाहेर येतो. खूप वर्षांनी असं काम करतोय. एका गोष्टीमागे दुसरी लागते आणि वेळ कसा जातो कळत नाही. पिना आल्या की पंधरा दिवसांत बदलापूर.

कुंदा सध्या झोपूनच असते. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे.

श्यामदादा


अंबरनाथ,
३ मार्च १९८७

प्रिय मधूभावजी,

अक्षर वाकडं आहे ते चालवून घ्या. उताणी पडून लिहितेय, पेन चालत नाही म्हणून पेन्सिल घेतली आहे. ह्यांना हे पत्र माहीत नाही. शेजारच्या वृंदाताई पेटीत टाकणार आहेत.

तुम्ही दोनदा एक्स-रेचं विचारलंत. ह्यांनी तुमचं पत्र मला वाचून दाखवलं तेव्हा ती ओळ गाळली. नंतर पत्र उशाशी राहिलं होतं, मी वाचलं. भावजी, पाठ धरलेली नाही. तीन वर्षांपूर्वी माझं गाठीचं ऑपरेशन झालं होतं, तुम्ही भेटायला आला होतात. तेच आता मणक्यात उतरलंय. नोव्हेंबरात परळच्या डॉक्टरांनी ह्यांना आत बोलावून सांगितलं. मी बाहेर बाकावर होते. हे बाहेर आले आणि म्हणाले, "विश्रांती घ्यायला सांगितलीय." मी त्यांचा चेहरा बघितला आणि पुढे काही विचारलं नाही. तेव्हापासून घरात आम्ही दोघंही तोच शब्द वापरतो.

मला माईला भेटायचंय, एवढंच मी म्हणाले होते. गाडीचं ह्यांच्या मनात आलं. जानेवारीत मी दोन उशा घेऊन रिक्षातसुद्धा गेले असते. दुखलं असतं, पण पोचले असते. हे म्हणाले, "थांब, गाडी अशी करतो की पोटातलं पाणी हलणार नाही." मी थांबले. आता बसताच येत नाही.

हे दिवसभर त्या शेडमध्ये असतात. संध्याकाळी हात धुऊन दाराशी उभे राहतात आणि आज काय काय केलं ते सांगतात. वरची फट, खालची फट. आत येऊन बसत नाहीत. मी कण्हले तर म्हणतात, "आता थोडेच दिवस," आणि पुन्हा बाहेर जातात. मला राग येत नाही. हा माणूस कारखान्यात मोटर बंद पडली तर तीन-तीन पाळ्या घरी यायचा नाही, ती चालू करूनच यायचा. त्याला दुसरं काही येतच नाही. पण दिवस फार मोठा असतो हो. वृंदाताई येतात, कामवाली येते, आणि मला ज्यांच्याशी बोलायचंय ते चार पावलांवर गाडीखाली असतात.

तुमची पत्रं ते पुन्हा पुन्हा वाचतात. तुमचं ऐकतील. ती गाडी दुरुस्त होणार नाही असं त्यांना लिहा. खरंच होण्यासारखी असली तरी लिहा.

मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका.

तुमची,
कुंदावहिनी


जबलपूर,
१२ मार्च १९८७

ती. श्यामदादास,

बिजागऱ्या नाहीत. बिजागरी झिजली असती तर जॅक लावून फट बदलली नसती. गाडी मधोमध लवली आहे, दादा. तुळया गेल्या. वरचा काळा रंग म्हणजे बहुतेक आधीच्या कुणीतरी पत्रा ठोकून वर फासलेलं डांबर असणार. अशा गाड्या आमच्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा आम्ही त्या परत पाठवतो. चाकं सरळ केलीस म्हणून थरथर कमी झाल्यासारखी वाटते. गाडी आतून जशी होती तशीच आहे, आणि दार भर रस्त्यात उघडेल.

तिच्यात वहिनींना बसवू नकोस. गाडीचा विषय संपला असं समज. शेडला कुलूप लाव. एखादा टेम्पो ठरव, जाड गादी घाल, वहिनींना झोपवून बदलापूरला घेऊन जा, आणि ते या आठवड्यात कर. तू त्यांच्या उशाशी बस. चालवायला दुसरा कोणी असू दे.

एवढंच लिहितो. राग मानू नकोस.

मधू


अंबरनाथ (पूर्व),
२४ मार्च १९८७

मधू,

तुझं पत्र मिळालं. स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली गेलो आणि टोचला. मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तर गंजाचा भुगा तोंडावर पडला. टेकचंदला बोलावून दाखवलं. तो वाकून बघून म्हणाला, "साईं, इसमें लोहा कम, डांबर ज्यादा है. बेच डालो." तुम्ही दोघं एकाच शाळेतले.

तुला एक कळवलं नव्हतं, ते कळवतो. कुंदाचं जुनं दुखणं मणक्यात आलं आहे. नोव्हेंबरात डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं, फिल्म उजेडासमोर धरली आणि सांगितलं की आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या आणि त्यांना जे हवं ते करू द्या. चांगला माणूस होता, हळू बोलत होता. मला एकही प्रश्न सुचला नाही. मी थँक यू म्हणून बाहेर आलो. त्या फिल्ममधलं मला काही कळत नव्हतं, म्हणून ऐकून घेतलं.

पण लोखंडाचं मला कळतं. करण्यासारखं काही नाही असं लोखंडाबद्दल मला कोणी सांगू नये. कुजलेलं कापून काढता येतं, नवं घालता येतं. कुंदाला माईंकडे जायचंय आणि ती माझ्या गाडीतून जाईल. दुधाच्या कॅनसारखी टेम्पोत घालून मी तिला नेणार नाही.

तुळया नव्यानं कशा बांधायच्या ते लिही. लिहिणार नसशील तर मी माझ्या अकलेनं करीन.

श्याम


जबलपूर,
५ एप्रिल १९८७

ती. कुंदावहिनींस, मधूचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र वृंदाताईंच्या नावानं पाठवतोय. तुम्ही सांगितलंत तसं मी दादाला लिहिलं. खोटं लिहावं लागलं नाही, गाडी खरंच गेलेली होती. पण त्याचं उत्तर वाचून माझा हात थांबला. डॉक्टर काय म्हणाले ते त्यानं मला कळवलंय. तो ते विसरायला गाडीखाली जातो असं तुम्हांला वाटत असेल. मला वाटतं, तिथे तो डॉक्टरांशी भांडतो.

तुळया कशा बांधायच्या ते मी त्याला आजच वेगळ्या पत्रानं कळवतोय. बॉडी आधी मधोमध उचलून, दारं बंद करून, फट बरोबर झाल्यावरच नवा चौकोनी पाइप जोडायचा, एका वेळी एकच बाजू कापायची, असं सगळं. न कळवून भागणार नव्हतं. त्यानं लवलेल्या अवस्थेतच जोडून टाकली असती आणि त्याच गाडीत तुम्हांला बसवलं असतं. तुमची विनंती मी निम्मीच पाळली, वहिनी. पूर्ण पाळायची कशी ते मला कळलं नाही.

तुम्ही मात्र गाडीसाठी थांबू नका. तुमच्या भावाला, शरदचंद्रांना निरोप धाडा.

तुमचा,
मधू


बदलापूर गाव,
३ मे १९८७

प्रिय मधूभावजी,

हे मी सांगतेय आणि शरदची मुलगी मीनल लिहून घेतेय. पेन्सिल आता धरवत नाही.

मी माईकडे पोचले. धर्मराजचा दुधाचा टेम्पो रोज इथल्या जवळच्या जांभूळहून अंबरनाथला येतो आणि रिकामा परत जातो. शरदनं त्याला सांगितलं. हे त्या दिवशी पाइप आणायला उल्हासनगरला गेले होते. मी तो दिवस मुद्दाम धरला नव्हता, पण कळल्यावर पुढेही ढकलला नाही. कॅन एका बाजूला सारून गादी घातली, शरद डोकं मांडीवर घेऊन बसला. दुखलं. रेल्वेच्या फाटकापाशी मी ओरडलेसुद्धा. धर्मराजनं टेम्पो थांबवला आणि विचारलं, "परत फिरू का, ताई?" मी नको म्हटलं.

माईला आता दिसत नाही. पण मला आत आणताना मी कण्हत होते, त्यावरून तिनं ओळखलं. म्हणाली, "कुंदे, उशीर केलास." शरदनं दोन्ही खाटा शेजारी शेजारी लावल्यात. ती तेच तेच विचारते आणि मी तेच तेच सांगते. लहानपणी आम्ही नदीवर कपडे धुवायला जायचो, तिथे एक खडक होता, त्याला काय म्हणायचे यावर आमचं दोन दिवस भांडण चाललं. फार बरं वाटलं.

हे त्याच संध्याकाळी आले. हातात पिशवी तशीच. दाराशी उभे राहून म्हणाले, "असं न सांगता यायचं?"

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतंत."

ते माझ्या खाटेच्या पायाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक बाजू झाली आहे. आठ दिवसांत दुसरी होते. मी तुला गाडी घेऊन न्यायला येतो." मी बसा म्हणेपर्यंत ते उंबऱ्याबाहेर होते. शरद स्टेशनपर्यंत मागे गेला. वाटेत त्याच्याशीही फक्त पाइपाबद्दल बोलले. त्यानंतर आले नाहीत. काम चालू आहे असा निरोप आला.

मला आता कुठे न्यायचं नाही, भावजी. आले ती इथे आले. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी दुपारभर गुंगी असते, सकाळी तेवढी शुद्ध असते. ती सकाळही आखूड होत चाललीय. त्यांना म्हणावं, गाडी नको, नुसते या. लोकलनं या, पायी या, पण या आणि खाटेवर बसा. मी सांगून झालं, शरद सांगून झाला. आता तुम्ही लिहून बघा. अंबरनाथचा निरोप जबलपूरवरून पाठवतेय म्हणून हसू नका.

सुखी राहा.

कुंदावहिनी


जबलपूर,
१० मे १९८७

दादा,

वहिनींचं पत्र आलं. त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत लिहितो. "गाडी नको. नुसते या." त्यांना सकाळी शुद्ध असते, आणि ती वेळ रोज कमी होतेय.

हे वाचलंस की हातातलं ठेव आणि स्टेशनवर जा. दुसरी बाजू नंतर जोडता येईल. मी रजा काढून येतोय, पण माझ्यासाठी थांबू नकोस.

मधू


बदलापूर गाव,
५ जुलै १९८७

प्रिय मधू,

तू तेराव्यापर्यंत थांबलास, सगळ्यांचं केलंस, पण त्या दिवसांत मी तुझ्याशी धड बोललो नाही. तू विचारलंही नाहीस. आता लिहितो.

तुझं १० तारखेचं पत्र मला शेडमध्येच मिळालं. पोस्टमननं वाकून गाडीखाली दिलं. वाचलं आणि खिशात ठेवलं. उजव्या बाजूचं कुजलेलं कापून झालं होतं, पाइप बसवला होता, जोडायचा राहिला होता. मला वाटलं, हे एवढं करून जावं. मधेच सोडलं असतं तर बॉडी वाकली असती. हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. चार दिवस लागले.

काम उत्तम झालं. तू असतास तर तुलाही खोट काढता आली नसती. दोन्ही दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत एकसारख्या. उल्हासनगरच्या रस्त्यावर पन्नासला नेली, खड्ड्यांतून नेली, काच हलली नाही, स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून चालवता येत होती. टेकचंद शेजारी बसला होता. तोही म्हणाला, "मान गए." त्याला गॅरेजपाशी उतरवून मी तसाच बदलापूरला गेलो. वाटेत गात होतो. हे तुला सांगितलं पाहिजे. मी गात होतो.

सकाळची वेळ होती. कुंदा जागी होती. म्हणाली, "आलात?"

मी म्हटलं, "गाडी आणलीय. दारात उभी आहे. वाकावं लागणार नाही, नुसतं रेलायचं. एक फेरी मारून परत आणतो."

शरद म्हणाला, "श्यामराव, आता तिला हलवायचं नाही."

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. कुंदानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बसवा." ती माझ्यासाठी म्हणाली, हे मला आता कळतं. मी आणि शरदनं तिला उचललं. ती इतकी हलकी झाली होती की मी नको तेवढा जोर लावला. उंबऱ्याशी पोचेपर्यंत तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी तुला सांगू शकत नाही. माई खाटेवरून हाका मारायला लागल्या, काय केलंत तिला, काय केलंत. आम्ही तिला परत ठेवलं. गाडी उघड्या दारांनी अंगणात तशीच उभी होती.

तिचा श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "आता बसता का?"

मी बसलो. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले होते तेव्हा?" मी सांगितलं. त्यांच्याच शब्दांत, सगळं, फिल्मसकट. ती ऐकत होती. मग म्हणाली, "एवढंच होतं? मला वाटलं, आणखी काही असेल, म्हणून तुम्ही बोलत नाही."

त्यानंतर तीन सकाळी ती बोलली. काय बोलली ते लिहीत नाही, तसं विशेष काही नव्हतंही. चौथ्या दिवसापासून तिला माणसं नीट ओळखू येईनात. हे कुठे आहेत असं ती मलाच विचारायची, आणि मी इथेच आहे म्हटलं तर तिला पटायचं नाही. शेडमध्ये बघा, म्हणायची. ती जाईपर्यंत हेच चाललं. तू आलास तेव्हा तिची वाचाही गेली होती.

मला हिशेब मांडता येतो, मधू, तेच शिकलो. जानेवारीत ती रिक्षातून आली असती. माईंशी महिनोन् महिने बोलली असती, माझ्याशीही. तो सगळा वेळ मी दाराच्या फटीत घातला. तू मला मार्चमध्ये सांगितलंस, तिनं सांगितलं, टेकचंदनं सांगितलं. तू पत्रात असं काही लिहू नकोस की मी जे केलं ते तिच्यासाठीच केलं. ते तुझी वहिनी म्हणाली असती, आणि ती म्हणाली असती म्हणूनच ते मला नको आहे.

अंबरनाथचं घर बंद आहे. मी इथेच राहिलो आहे, शरदनं जा म्हटलेलं नाही. गाडी टेकचंद घेऊन गेला. कुठे नेऊन काय करणार ते मी विचारलं नाही.

माईंना सांगितलं आहे की कुंदा गेली. सकाळी त्यांना ते ठाऊक असतं, रडतात. दुपारी विसरतात. शेजारच्या खाटेवर कोणी नसलं तर अस्वस्थ होतात, म्हणून दुपारी मी तिथे पडतो. बोलत नाही. जावई खाटेवर पडलाय हे त्यांना कळलं तर बरं दिसणार नाही. काल त्यांनी हात लांब करून चाचपडत माझा हात शोधला आणि धरला. अंगठ्यानं तळवा घासून पाहिला. म्हणाल्या, "किती खरखरीत झालेत गं हात. फार काम पडतं का तुला तिकडे?"

मी त्यांना झोप लागेपर्यंत हात तसाच राहू दिला.

श्याम